१९३१ : तीन सोमवार जे दिनविशेषात नसतात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिनविशेषाच्या सदरांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत १९३१ हे साल साधारण असे छापलेले असते : ५ मार्च, गांधी-आयर्विन करार. २३ मार्च, भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी. १४ एप्रिल, स्पेनमध्ये प्रजासत्ताक. १ मे, न्यूयॉर्कची १०२ मजली एम्पायर स्टेट इमारत खुली. १८ सप्टेंबर, मुकदेनची घटना. मग दुसरी गोलमेज परिषद, वेस्टमिन्स्टरचा कायदा, आणि वर्ष संपले. यात चुकीचे काही नाही. पण त्या वर्षी जगाची घडी ज्या तीन तारखांना विस्कटली, त्या ११ मे, १३ जुलै आणि २१ सप्टेंबर या तिन्ही तारखा यादीतून गळालेल्या असतात. तिन्ही दिवस सोमवारचे. बँकांच्या अडचणींची खलबते शनिवार-रविवारी बंद दाराआड चालतात आणि सोमवारी लोकांसमोर येतात, त्यामुळे हे घडले. या तीन सोमवारांचे एक टोक व्हिएन्नात आहे आणि दुसरे मुंबईच्या झवेरी बाजारात. मधल्या कड्या दाखवल्या तर बाकीची यादी आपोआप जागेवर बसते.

११ मे. ऑस्ट्रियाची सर्वांत मोठी बँक क्रेडिटआन्स्टाल्ट हिने १९३० सालचा तोटा १४ कोटी शिलिंग असल्याचे जाहीर केले. बँकेचे भागभांडवल होते १२.५ कोटी. सरकारला ही खबर आधीच्या शुक्रवारी, ८ मे रोजी लागली होती. येथे पुस्तकांत हमखास एक घोटाळा होतो. ऑस्ट्रियाच्या चलनाचेही नाव शिलिंगच, पण ते इंग्रजी शिलिंग नव्हे. इंग्रजी २० शिलिंगांचा एक पौंड, तर ऑस्ट्रियन शिलिंग पौंडाला सुमारे ३४.६. म्हणजे तोटा ४० लाख पौंडांचा. इंग्रजी शिलिंग समजून भागाकार केला की तो ७० लाख होतो, आणि असे आकडे छापून आलेले आहेत.

४० लाख पौंडांच्या तोट्याने युरोप का हादरावा? एक तर ही बँक रॉथशिल्ड घराण्याची, १८५५ सालची. ती बुडेल हे कोणाच्या मनातही नव्हते. दुसरे, ऑस्ट्रियाच्या उद्योगांचा मोठा हिस्सा तिच्याच ताब्यात होता. बँक कारखान्यांना कर्ज देई, कर्ज थकले की त्याच कारखान्याचे भाग घेई, आणि ते भाग जुन्या किमतीने आपल्या ताळेबंदात ठेवी. ऑक्टोबर १९२९ मध्ये बोडेनक्रेडिटआन्स्टाल्ट ही दुसरी डबघाईला आलेली बँक सरकारच्या आग्रहाने तिच्या गळ्यात मारली गेली, तिचा तोटाही यात आला. तिसरे आणि सर्वांत वाईट : तिच्याकडच्या ठेवींपैकी पुष्कळ रक्कम लंडन-न्यूयॉर्कची, आणि तीही अल्प मुदतीची. घेतलेले पैसे तीन महिन्यांत परत मागता येणारे, दिलेले पैसे वर्षानुवर्षे अडकलेले. पतपेढीच्या संचालकालाही यातला धोका कळेल.

मार्चमध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियाने संयुक्त जकातसंघाची घोषणा केली होती. फ्रान्सला ती दोन्ही देशांच्या एकीकरणाची पहिली पायरी वाटली. त्यामुळे ‘फ्रान्सने पैसे काढून घेतले म्हणून बँक बुडाली’ असे एक सोपे स्पष्टीकरण प्रचलित आहे. आम्हाला ते पटत नाही. बँक आतून पोकळ होती, ती कोणी ढकलण्याची वाट पाहत नव्हती. फ्रान्सचा हात दिसतो तो नंतर, मदतीच्या वेळी : जकातसंघ सोडा, मग कर्ज देऊ, ही अट. व्हिएन्नाचे सरकार १६ जूनला पडले, आणि बँक ऑफ इंग्लंडने १५ कोटी शिलिंगांचे तात्पुरते कर्ज देऊन वेळ मारून नेली. सप्टेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ विरुद्ध ७ मतांनी जकातसंघ बेकायदा ठरवला तेव्हा तो दोन दिवस आधीच सोडून देण्यात आला होता.

व्हिएन्नात पैसे अडकलेल्यांनी साहजिकच बर्लिनकडे पाहिले. दोन्हीकडच्या बँकांची घडण सारखीच होती. जर्मनीच्या राइश्सबँकेला कायद्याने चलनी नोटांच्या किमान ४० टक्के सोने व परकीय चलन राखावे लागे. परदेशी ठेवीदार पैसे काढू लागला की हे प्रमाण घसरते. ते सावरायचे तर देशी बँकांना कर्ज देणे आखडावे लागते. आणि देशी बँकांना कर्जाची गरज नेमकी त्याच वेळी असते. २० जून रोजी अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर यांनी युद्धकर्जे आणि युद्धखंडणीच्या हप्त्यांना एक वर्ष स्थगिती सुचवली. २५ जूनला चार बँकांनी मिळून राइश्सबँकेला १० कोटी डॉलर दिले. फ्रान्सने हूव्हर यांच्या प्रस्तावावर घासाघीस करत ६ जुलै उजाडवला. तोवर ब्रेमेनच्या नॉर्डवोले या लोकर कंपनीचे बिंग फुटले. लोकरीचे भाव वाढतील या सट्ट्यात झालेला तोटा तिने हॉलंडमधल्या एका पोटकंपनीच्या वह्यांत दडवला होता. तिला सर्वांत जास्त कर्ज देणारी डानाट बँक १३ जुलै रोजी उघडलीच नाही. पुढचे दोन दिवस सगळ्या जर्मन बँका बंद. मग परकीय चलनावर सरकारी नियंत्रण आले आणि १ ऑगस्टला व्याजदर १५ टक्के झाला. हिटलरच्या सत्तेचा इतिहास सांगताना १९२३ च्या महागाईचा उल्लेख सगळे करतात. पण १९२३ नंतर नाझी पक्षाला पाच-सहा वर्षे कोणी विचारत नव्हते. बेकारांचे तांडे त्याच्यामागे गेले ते १९३० ते १९३२ या काळात, म्हणजे भाव कोसळत असताना. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हे उलटे लिहिलेले असते.

त्याच १३ जुलैला लंडनमध्ये अर्थव्यवहार आणि उद्योगांची चौकशी करणाऱ्या सरकारी मॅकमिलन समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. लंडन शहर परदेशी लोकांचे अल्प मुदतीचे किती देणे लागते, हे त्यात पहिल्यांदा आकड्यांत छापले गेले. ते सर्वांच्या अंदाजापेक्षा जास्त निघाले. मुहूर्त याहून वाईट साधता आला नसता : लंडनचे येणे जर्मनीत गोठलेले, आणि लंडनचे देणे जगासमोर उघडे.

आता सुवर्णपरिमाण चालते कसे ते नेमके सांगतो, कारण ‘ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले’ हे वाक्य बहुतेक ठिकाणी त्याशिवायच छापले जाते. १९२५ च्या कायद्याने बँक ऑफ इंग्लंडवर एक बंधन होते. कोणीही नोटा घेऊन आला तर त्याला ठरलेल्या भावाने, म्हणजे बावीस कसाच्या औंसाला ३ पौंड १७ शिलिंग १०½ पेन्स दराने, सोने द्यायचे. मात्र किमान ४०० औंसांची लगड घ्यावी लागे. त्या एका लगडीला सुमारे १,७०० पौंड पडत. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला सोने मिळत नव्हतेच, ही सोय बँकवाल्यांसाठी होती. पौंडाचा भाव ४.८६६५ डॉलर, आणि तो बाजारात यापेक्षा सेंट-दीड सेंट खाली गेला की लगड जहाजाने न्यूयॉर्कला पाठवणे फायद्याचे पडे. हा रेटा थांबवायचा तर तीनच उपाय : व्याजदर वाढवा, बाहेरून उसने घ्या, किंवा दार बंद करा.

ब्रिटनने हे तिन्ही उपाय याच क्रमाने केले. व्याजदर जुलैअखेर दोन टप्प्यांत २½ वरून ४½ टक्के. १ ऑगस्टला न्यूयॉर्क आणि पॅरिसकडून ५ कोटी पौंड उसने, २८ ऑगस्टला आणखी ८ कोटी. दरम्यान ३१ जुलैला सर जॉर्ज मे यांच्या सरकारी समितीने अंदाजपत्रकात १२ कोटींची तूट दाखवून बेकारभत्त्यात कपात सुचवली. त्यावरून मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ फुटले, आणि २४ ऑगस्टला पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांनीच राष्ट्रीय सरकार बनवले. १५ सप्टेंबरला स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डन येथे आरमाराच्या खलाशांनी कामावर जायला नकार दिला. कपात सरसकट दहा टक्के सांगितली गेली होती, पण जुन्या वेतनश्रेणीतल्या खलाशाचा रोज ४ शिलिंगांवरून ३ वर आला, म्हणजे तो चौथ्या हिश्शाने कापला गेला. दीड-दोन दिवसांत प्रकरण मिटले, पण ‘इंग्रजी आरमारात बंड’ एवढी बातमी जगभर पोहोचली आणि सोने मागणाऱ्यांची रांग लांबली. तरीही ‘बंडामुळे पौंड पडला’ हे पुस्तकी वाक्य खरे नाही. जुलैच्या मध्यापासून २० कोटी पौंड बाहेर गेले होते. बंडाने केवळ शेवटचे तीन-चार दिवस कमी केले.

२१ सप्टेंबरच्या तारखेबद्दल एक खुलासा. निर्णय रविवारी, २० तारखेच्या रात्री जाहीर झाला आणि कायदा संसदेने सोमवारी एका दिवसात मंजूर केला. म्हणून काही ठिकाणी २० आणि काही ठिकाणी २१ तारीख दिसते. कायद्याची तारीख २१ हीच द्यावी. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर माँटेग्यू नॉर्मन तेव्हा कॅनडाहून परतीच्या जहाजावर होते. पौंड पहिल्या काही दिवसांत चार डॉलरच्या खाली गेला, डिसेंबरात साडेतीनच्याही खाली. सर्वांत मोठा फटका विश्वास ठेवणाऱ्यांना बसला. हॉलंडच्या मध्यवर्ती बँकेने आपली गंगाजळी पौंडांत ठेवली होती, तिचे सारे भांडवल त्या तोट्यात पुसले गेले. आठवडाभरात स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क त्याच वाटेने गेले. पोर्तुगालने तर त्याच उन्हाळ्यात सुवर्णपरिमाण स्वीकारले होते, तेही सप्टेंबरात पौंडामागे गेले. मग पाळी डॉलरची येईल या भीतीने लोक न्यूयॉर्कहून सोने काढू लागले. तिथल्या फेडरल रिझर्व्हने ऑक्टोबरच्या एकाच आठवड्यात व्याजदर दीडवरून साडेतीन टक्क्यांवर नेला, आणि त्या एका महिन्यात अमेरिकेत ५२२ बँका बंद पडल्या. मंदीचे सगळे खापर १९२९ च्या न्यूयॉर्क शेअरबाजारावर फोडणाऱ्यांनी हा महिना पाहावा. (एम्पायर स्टेटचे मजलेच्या मजले भाडेकरूंविना पडून होते, हा दिनविशेष मात्र कोणी छापत नाही.)

आता मुंबई. येथे थोडे थांबतो, कारण मराठी वाचकासाठी लिहिणाऱ्यांनी नेमका हाच भाग सोडून दिलेला दिसतो.

पहिली गोष्ट : ‘रिझर्व्ह बँकेने रुपया पौंडाला जोडला’ असे कुठे वाचलेत तर खोडून टाका. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. १९३१ मध्ये चलन सरकारचे अर्थखाते सांभाळत होते आणि व्यवहार इम्पीरियल बँक करत होती. १९२७ च्या चलन कायद्याने रुपयाची किंमत १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे ८.४७५१२ ग्रेन शुद्ध सोने, अशी बांधली होती. सरकार तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै दराने सोने विकत घ्यायला बांधील होते, किमान ४० तोळ्यांच्या लगडींत. विकताना मात्र सोने द्यायचे की पौंड, हे सरकारच्या मर्जीवर; आणि किमान १,०६५ तोळे. हा विचित्र आकडा कुठून आला? १,०६५ तोळे म्हणजे जवळजवळ ४०० औंस, लंडनची ती एक लगड. पौंडांत द्यायचे तर भाव १ शिलिंग ५ ४९/६४ पेन्स. व्यवहारात सरकार पौंडच देई.

या मर्जीवरच डॉ. आंबेडकरांचा आक्षेप होता. लंडनला डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेल्या आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी दाखवले होते की, या पद्धतीत चलनाचा साठा किती असावा हे सोने ठरवत नाही, सरकारी अधिकारी ठरवतात. आठ वर्षांनी ते गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्येच असताना त्याचा पडताळा आला. २१ सप्टेंबरला सिमल्याहून व्हाइसरॉय विलिंग्डन यांनी वटहुकूम काढून सोने आणि पौंड दोन्ही विकण्याचे बंधन स्थगित केले. म्हणजे रुपया मोकळा झाला. त्याच दिवशी लंडनमध्ये भारतमंत्री सॅम्युअल होअर यांनी रुपया १ शिलिंग ६ पेन्सलाच पौंडाशी बांधलेला राहील असे सांगितले. दोन आज्ञा, परस्परविरोधी, एकाच दिवशी. २२ ते २४ सप्टेंबर हिंदुस्थानात बँकांना सुट्टी देण्यात आली. विलिंग्डन आणि त्यांच्या मंडळाने राजीनाम्यापर्यंत भाषा नेली, पण शेवटी मान तुकवली. २४ तारखेच्या नव्या वटहुकुमाने पहिला रद्द झाला : पौंड मिळतील, पण इम्पीरियल बँकेतून, ठरावीक बँकांमार्फत, आणि खऱ्या व्यापारासाठी, २१ तारखेपूर्वीच्या देण्यासाठी किंवा घरखर्चासाठीच, सोन्याचांदीच्या आयातीला किंवा सट्ट्याला नाही. पाच दिवसांनी अर्थसदस्य शुस्टर यांनी जादा अंदाजपत्रक मांडले, करांवर २५ टक्के अधिभार आणि सरकारी पगारात १० टक्के कपात. लंडनच्या कपातीचा हिशेब इथवर पोहोचला.

रुपया पौंडाला बांधलेला आणि पौंड सोन्यापासून सुटलेला, मग मुंबईत सोन्याचा भाव किती व्हावा? गणित सोपे आहे. २१.२४ रुपयांना जुन्या ४.८६६५ ने गुणा, त्या दिवशीच्या पौंडाच्या डॉलरभावाने भागा. गुणाकार १०३.३६ येतो, तो पाठ ठेवावा. पौंड ३.९० डॉलर असेल तर तोळ्याला साडेसव्वीस रुपये, ३.४० असेल तर ३० रुपये ६ आणे. बाजारभाव यापेक्षा थोडा खाली राहतो, कारण जहाजभाडे, विमा आणि वाटेतल्या दिवसांचे व्याज निर्यातदार कापून घेतो. हाच हिशेब गिनीचा : १३ रुपये ५ आणे ४ पै ची गिनी ३.४० च्या भावाला १९ रुपये १ आण्याच्या पुढे जाते. हा पडताळा घेताना दोन ठिकाणी पाय घसरतो. त्या वेळचा तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅम, आज बोलताना आपण १० ग्रॅमला तोळा म्हणतो. आणि गिनी बावीस कसाची, लगड शंभर नंबरी. दोन्हींचे वजन सरळ मांडून तुलना केली की हिशेब बाराव्या हिश्शाने चुकतो.

भाव चार-पाच महिन्यांत २१ वरून ३० वर गेला, आणि त्याच वेळी शेतमाल मातीमोल झाला होता. कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक (जुलै १९१४ = १००) १९२९ मध्ये १४१ होता, १९३१ मध्ये ९६. शेतसारा रोख रकमेत, तीस-तीस वर्षांच्या आकारणीने ठरलेला. कापूस अर्ध्या भावात गेला म्हणून तो अर्धा होत नाही. सावकाराचे मुद्दलही रुपयांतच. मग घरातला डागदागिना बाहेर निघाला. गावच्या सोनाराकडे पुतळ्या, पाटल्या, गोठ मोडीत जात. तो कसोटीवर कस पाहून घट आणि बट्टा कापून घेई. तिथून माल तालुक्याच्या पेढीवर, तिथून झवेरी बाजारात. आटवून लगडी पडत, आणि बँका त्या मेलबोटीने लंडनला रवाना करत. शतकानुशतके सोने पिणारा हिंदुस्थान पहिल्यांदाच इतक्या प्रमाणात सोने ओकू लागला. १९३१-३२ या आर्थिक वर्षात सुमारे ५८ कोटी रुपयांचे सोने बाहेर गेले, बहुतेक सगळे सप्टेंबरनंतरच्या सहा महिन्यांत. तोळ्याला सरासरी २८ रुपये धरले तर हे दोन कोटी तोळ्यांच्या वर, २४० टनांच्या आसपास येते. पुढच्या वर्षी रक्कम आणखी वाढली.

हे ‘नाडलेल्यांचे सोने’ की नफा पाहून विकलेले, यावर तेव्हाही वाद होता. सरकार म्हणे, लोकांना भाव मिळतोय, ते विकतायत, बिघडले काय. व्यापारी संस्था म्हणत, निर्यात थांबवा किंवा सरकारने स्वतः विकत घेऊन राखीव साठा करावा. सरकारने दोन्ही केले नाही, कारण या सोन्यातून लंडनला द्यायच्या रकमेची बिनबोभाट सोय होत होती. आमच्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण ते वेगवेगळ्या माणसांबद्दल आहे. शहरातल्या पेढीवाल्याने ३० रुपयांना विकले तो नफा. ज्याने सारा भरण्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या, त्याला भाव २१ असता तरी मोडाव्याच लागल्या असत्या. चढ्या भावाने एवढेच केले की दोनऐवजी दीड पाटलीत भागले. निर्यातीच्या आकड्यांतून हे दोघे वेगळे काढता येत नाहीत, म्हणून सबंध ५८ कोटींना एकच नाव देणारे लेखन आम्ही सावधपणे वाचतो.

आता चीनच्या मांचुरियातले मुकदेन. १८ सप्टेंबरच्या रात्री साडेदहाच्या आत दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या रुळाशी जपानच्या क्वांतुंग सेनेच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच छोटा स्फोट केला आणि चिन्यांवर आळ घेतला. नुकसान इतके किरकोळ की थोड्याच वेळात त्याच रुळावरून गाडी सुखरूप गेली. चीनने राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्सकडे) दाद मागितली ती २१ सप्टेंबरला. राष्ट्रसंघाचा मुख्य आधार असलेला देश त्याच सोमवारी आपल्या चलनाचे अंत्यसंस्कार करत होता. पौंडाच्या संकटामुळे मुकदेन घडले असे मात्र लिहू नये. क्वांतुंग सेनेतले अधिकारी इशिवारा आणि इतागाकी यांचे बेत त्याआधीपासून शिजत होते. संकटाने जपानला मोकळे रान मिळाले, इतकेच म्हणता येते. २४ ऑक्टोबरला राष्ट्रसंघाच्या परिषदेने १६ नोव्हेंबरपर्यंत सैन्य मागे घ्या असा ठराव केला, तेव्हा विरोधात एकट्या जपानचे मत पडले, आणि सर्वसंमतीचा नियम असल्याने ते एक मत पुरले. १० डिसेंबरला चौकशी समिती ठरली. तिचे अध्यक्ष लॉर्ड लिटन हे बंगालचे माजी गव्हर्नर.

चीनच्या त्या वर्षाबद्दल दोन गोष्टी जोडायला हव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये यांगत्से आणि ह्वाय नद्यांच्या पुराने हांकौ शहर बुडाले. मृतांचे आकडे दीड लाखांपासून चाळीस लाखांपर्यंत दिले जातात. फरक मोजणीचा आहे : लहान आकडा बुडून मेलेल्यांचा, मोठ्यात नंतरच्या रोगराईने आणि उपासमारीने गेलेलेही धरलेले. आकडा छापताना यातला कोणता ते लिहावे. दुसरी गोष्ट, चीनचे चलन चांदीचे होते. सोन्याच्या देशांत भाव कोसळत असताना चांदी उतरल्यामुळे चीनला १९३१ पर्यंत मंदीची झळ कमी लागली. पौंड, आणि मागोमाग येन, घसरल्यावर त्याच चांदीचे चलन त्यांच्या तुलनेत महाग झाले, आणि पूर व मांचुरिया यांच्या जोडीला तिथेही भाव उतरू लागले.

जपानने जानेवारी १९३० मध्ये, अगदी चुकीच्या वेळी, जुन्या भावाने सुवर्णपरिमाण पुन्हा स्वीकारले होते : १०० येनला ४९.८५ डॉलर. त्याची मुख्य निर्यात अमेरिकेला जाणारे कच्चे रेशीम, आणि त्याचेच भाव कोसळले. १३ डिसेंबर १९३१ रोजी नवे अर्थमंत्री ताकाहाशी यांनी पहिल्याच दिवशी सोन्याची निर्यात बंद केली. वर्षभरात १०० येनचा भाव २० डॉलरच्या आसपास आला. आता हे मुंबईच्या गिरणीत कसे उतरले ते पाहा. रुपया पौंडाला बांधलेला, आणि पौंड येनइतका घसरलेला नाही. त्यामुळे जपानी कापड मुंबई बंदरात आणखी स्वस्त झाले. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिशेतर सुती कापडावरची जकात ५० टक्के करावी लागली, जून १९३३ मध्ये ७५ टक्के. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. त्यांना लागे तो आखूड धाग्याचा कापूस, म्हणजे वऱ्हाड-खानदेशातलाच, आणि लँकेशायरला तो फारसा चालत नसे. गिरणीमालकाला जकात हवी, शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवे. जानेवारी १९३४ मध्ये समझोता झाला तो आकड्यांत बांधलेला : जपानने हिंदी कापसाच्या १० लाख गाठी घेतल्या तर ३२.५ कोटी वार कापड पाठवता येईल. १५ लाख गाठी घेतल्या तर जास्तीत जास्त ४० कोटी वार. जकात ५० टक्के. या कराराची नोंद १९३४ च्या पानावर छापताना त्यापुढे ‘पाहा : १३ डिसेंबर १९३१’ एवढे चार शब्द घातले तरी चालतील.

आपले नम्र,
इतिहास आणि अर्थशास्त्राचे दोन अध्यापक, सांगली